इथेनॉल डब्यात नाही: रक्तातून डीएनए काढायच्या कॉलम किटचं परीक्षण

रक्तातून जीनोमिक डीएनए (पेशीतला संपूर्ण डीएनए) काढायची सिलिका कॉलमची किटं (कॉलम म्हणजे तळाशी सिलिकाचा पडदा असलेली छोटी नळी; डीएनए पडद्याला चिकटतो, बाकीचं धुऊन जातं) आता एमएस्सीच्या प्रात्यक्षिकापासून रुग्णालयाच्या मॉलिक्युलर लॅबपर्यंत सगळीकडे पोचली आहेत. कंपनी कुठलीही असो, आतला मसाला जवळपास तोच: ५० कॉलम, खाली बसणाऱ्या २ मिलीच्या नळ्या, लायसिस बफर (पेशी फोडायला), दोन वॉश बफर (धुवायला), इल्युशन बफर (डीएनए पडद्यावरून सोडवायला) आणि प्रोटिनेज के (प्रथिनं तोडणारं एन्झाइम). आधी निकाल सांगून टाकतो. रुग्णालयाच्या लॅबसाठी बेलाशक घ्या. शिकवण्यासाठी घ्या, पण वर्गाचा पहिला प्रयोग याच्यावर करू नका. आणि गोव्यात वापरणार असाल तर जी वस्तू डब्यात नाही तिची सोय आधी लावा.

ती वस्तू म्हणजे ९६ ते १०० टक्के इथेनॉल. ५० नमुन्यांच्या नेहमीच्या किटचा हिशोब असा: पहिल्या वॉशच्या १९ मिलीत २५ मिली, दुसऱ्याच्या १३ मिलीत ३० मिली, शिवाय दर नमुन्याला २०० मायक्रोलिटर म्हणजे १० मिली. एकूण ६५. (आकडे किटनुसार थोडे बदलतात, बाटलीवरचं लेबलच खरं.) अर्ध्या लिटरची बाटली सात किटना पुरते, पण तेवढ्यासाठीही अबकारीचे कागद लागतात. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्या राज्यात हे जरा गमतीचं वाटेल. पण फेणी काय किंवा मिथेनॉल घातलेला डिनेचर्ड स्पिरिट काय, इथे कामाचं नाही. ऑर्डर किटच्या आधी दोन महिने टाका. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत मोठी बाटली पुन्हा पुन्हा उघडली की इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून आल्या आल्या ५० मिलीच्या घट्ट झाकणाच्या बाटल्यांत वाटून ठेवा.

इथेनॉलवर एवढा जोर का? लायसिस बफरमधल्या गुआनिडिनच्या तीव्र क्षारात डीएनएभोवतीचं पाण्याचं आवरण ढळतं आणि तो सिलिकाला चिकटतो. बूम आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडलेली पद्धत ती हीच. इथेनॉल ती पकड घट्ट करतं. क्षार आणि इथेनॉल दोन्ही गेले, नुसतं पाणी आलं, की पकड सुटते. दुसऱ्या वॉशमध्ये इथेनॉल सुमारे ७० टक्के असतं. ते घालायचं राहिलं तर वॉशच इल्युशन होऊन बसतं आणि सगळा डीएनए टाकाऊ नळीत जातो. वर्गात ‘किट खराब निघालं’ अशी तक्रार येते तेव्हा पहिल्यांदा वॉशच्या बाटलीचं झाकण बघा: इथेनॉल घातल्याची खूण आणि तारीख आहे का? झाकण सैल राहिलं तरी इथेनॉल उडतं आणि तोच घोटाळा हळूहळू होतो.

आता प्रत्यक्ष काम. नळीत आधी २० मायक्रोलिटर प्रोटिनेज के, मग २०० मायक्रोलिटर रक्त, मग २०० मायक्रोलिटर लायसिस बफर. हा क्रम मोडायचा नाही; एन्झाइम थेट बफरमध्ये टाकलं तर ते लुळं पडतं. १५ सेकंद व्होर्टेक्स (नळी जोरात घुसळणारं यंत्र), ५६ अंशांवर १० मिनिटं. लालभडक रक्त चॉकलेटी झालं की समजावं, काम झालं. व्होर्टेक्सला कंजुषी केली तर तळाशी जेलीसारखी गुठळी राहते आणि पुढे कॉलम तुंबतो. लायसिस बफरमध्ये पांढरे स्फटिक दिसले (एसी रात्रभर चालू राहिला की हमखास) तर बाटली ५६ अंशांवर ठेवून विरघळवा. तशीच वापरू नका.

मग २०० मायक्रोलिटर इथेनॉल, पुन्हा व्होर्टेक्स, आणि सगळे ६२० मायक्रोलिटर कॉलमवर. मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. पत्रकात ‘८,००० आरपीएम’ (मिनिटाला फेरे) लिहिलेलं असतं. ते ६,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ६,००० पट जोर) धरून लिहिलंय, आणि रोटरची त्रिज्या ८.४ सेंमी असेल तरच बरोबर. सूत्र सोपं आहे: ०.००००१११८ गुणिले सेंमीमधली त्रिज्या गुणिले आरपीएमचा वर्ग. टेबलावरच्या ५ सेंमी त्रिज्येच्या, ६,००० आरपीएमच्या खेळण्यात जेमतेम २,००० जी मिळतात. रक्त पडद्यावरच अडकतं आणि मुलं पिपेटच्या टोकाने ढोसत बसतात. पडदा फाटतो तो तेव्हाच.

पहिला वॉश ५०० मायक्रोलिटर, १ मिनिट. दुसरा ५००, पूर्ण वेगाने ३ मिनिटं. त्यानंतरचं नव्या नळीतलं १ मिनिटाचं कोरडं फिरवणं वेळ वाचवायला गाळलं जातं, आणि त्याची किंमत डीएनए तपासायच्या जेलवर दिसते: जेलच्या खाचेत सोडलेला डीएनएचा निळा थेंब बुडायचं सोडून तरंगत वर येतो आणि बफरमध्ये पसरून जातो. हे इथेनॉल. डीएनएच्या प्रती काढणारा पीसीआरही त्यामुळे अडतो. उपाय म्हणजे कॉलमचं झाकण उघडं ठेवून ५६ अंशांवर ३ मिनिटं. कॉलम उचलताना त्याचं टोक खालच्या द्रवाला लागू देऊ नका, एवढं केलं तरी निम्मी कटकट वाचते.

शेवटी २०० मायक्रोलिटर इल्युशन बफर, थेट पडद्याच्या मधोमध. १ मिनिट थांबा, ५ थांबलात तर आणखी उत्तम. डिस्टिल्ड पाणी वापरायचा मोह टाळा: हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ते किंचित आम्ल होतं आणि आम्लात डीएनए सिलिका सोडत नाही.

किती मिळावा? माणसाच्या १ मायक्रोलिटर रक्तात ५ ते १० हजार पांढऱ्या पेशी, दर पेशीत सुमारे ६.६ पिकोग्रॅम. म्हणजे २०० मायक्रोलिटरमध्ये कागदावर साडेसहा ते तेरा मायक्रोग्रॅम. हाती सहाच्या आसपास आले तर किट चोख आहे: ३० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर, पीसीआरच्या २५ मायक्रोलिटरला दोन मायक्रोलिटर पुरे. शुद्धता दाखवणारं २६०/२८० गुणोत्तर (त्या दोन नॅनोमीटरना शोषलेल्या प्रकाशाचं) १.७ ते १.९ हवं. २६०/२३० बरंच खाली गेलं तर गुआनिडिन मागे राहिलंय. पडदा तपकिरी राहिला असेल तर हीम (हिमोग्लोबिनमधला लोहाचा भाग) आहे, आणि हीम पीसीआरचा जुना वैरी.

शिकवण्यासाठी किटचा दोष हाच की ते फार झाकून ठेवतं. मुलांना १, २, ३ आकड्यांच्या बाटल्या दिसतात, रसायन दिसत नाही. म्हणून आधी एकदा मिठाची जुनी पद्धत करून घ्या: संपृक्त मिठाने प्रथिनं खाली बसवायची, वरच्या द्रवात दुप्पट थंड इथेनॉल, आणि काडीला गुंडाळता येणारे पांढरे धागे. अर्धा दिवस जातो, पण तो कारणी लागतो. वर्गात माणसाचं रक्त काढायचं तर संमती, एथिक्स कमिटी, रक्त काढणारा तंत्रज्ञ अशी सगळी जोडणी लागते. त्यापेक्षा म्हापशाच्या नाहीतर मडगावच्या बाजारातल्या चिकनवाल्याकडे जांभळ्या झाकणाची ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) नळी घेऊन जा. कोंबडीच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, माणसाच्या आणि बोकडाच्या नसतं. कोंबडीच्या १ मायक्रोलिटर रक्तात अंदाजे तेवढाच डीएनए असतो जेवढा आपल्या २०० मध्ये! ५ मायक्रोलिटर घ्या, सलाइनने २०० करा. पूर्ण २०० ओतले तर कॉलम तुंबून बसतो. ‘केंद्रक नसलेली पेशी’ हा धडा याहून चांगला शिकवता येत नाही.

रुग्णालयासाठी तीन गोष्टी. हेपरिनची हिरव्या झाकणाची नळी नको, हेपरिन पीसीआर अडवतं. डब्यावर ‘केवळ संशोधनासाठी’ लिहिलं असेल तर त्यावर रुग्णाचा रिपोर्ट देता येत नाही. त्यासाठी वैद्यकीय उपकरण नियम २०१७ खाली परवाना असलेलं किट लागतं. आणि मलेरियाला हे किट चालतं, परजीवी तांबड्या पेशीतच असतो. पण सत्तरी तालुक्यातल्या माकडतापाला किंवा डेंग्यूला नाही. ते विषाणू आरएनएचे, त्यांचं किट वेगळं.

टाकाऊ द्रवाबद्दल पत्रकात बारीक अक्षरांत एक ओळ असते, ती मोठी करून भिंतीवर लावा. रक्त म्हटलं की आपल्याकडे हात आपसूक हायपोक्लोराइटकडे, म्हणजे ब्लीचकडे जातो. इथे तेच घातक. गुआनिडिनवर ब्लीच पडलं की विषारी वायू सुटतात, गुआनिडिन थायोसायनेटच्या रूपात असेल तर हायड्रोजन सायनाइडसुद्धा. नळ्या आणि टिपा लाल पिशवीत. लायसिसचा आणि पहिल्या वॉशचा द्रव वेगळ्या बाटलीत, वर जाड अक्षरांत ‘ब्लीच नको’.