नेट नसलेल्या मशीनचं सर्टिफिकेट: कंपनीची वाट, पेनड्राइव्ह की आहे तसंच?

सिक्युअर बूट म्हणजे पीसी चालू होताना फक्त खात्रीच्या सहीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय. त्यासाठीच्या मायक्रोसॉफ्टच्या २०११ सालच्या सर्टिफिकेटांची मुदत जून २०२६ पासून संपू लागते. विंडोजच्या बूट मॅनेजरवर ज्याची सही असते ते सर्टिफिकेट ऑक्टोबर २०२६ मध्ये संपतं. दवाखान्यातल्या अनेक मशीनच्या आत विंडोजचाच पीसी असतो, म्हणून नाशिकच्या गंगापूर रोडचं हॉस्पिटल असो की सिन्नरचं नर्सिंग होम, पहिला प्रश्न एकच येतो: मशीन बंद पडणार का? नाही. चालू होताना फर्मवेअर (बोर्डमधलंच मूळ सॉफ्टवेअर) सही तपासतं, मुदतीची तारीख बघत नाही. सोनोग्राफी, सी-आर्म (ऑपरेशनवेळचा एक्स-रे), लॅबचा अॅनालायझर नेहमीसारखे सुरू होतील. थांबतं ते एवढंच की बूट होतानाच्या सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या त्या मशीनपर्यंत पोचत नाहीत. २०२३ मध्ये उघडकीला आलेलं ब्लॅकलोटस हे घातक सॉफ्टवेअर याच जागी, अँटिव्हायरस जागा व्हायच्या आधी, घुसत होतं.

ठरवण्याआधी दोन गोष्टी बघा. कन्सोल, म्हणजे पीसी बसवलेलं मशीन, विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ वर असेल तर हा विषय तुमचा नाही. तुमचं दुखणं याहून जुनं आहे. विंडोज ८ किंवा पुढचं असेल तर 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये 'सिक्युअर बूट स्टेट' ऑन आहे का ते पाहा. २०२५ मध्ये बाजारात आलेल्या बहुतेक सगळ्या पीसींमध्ये नवी, २०२३ ची सर्टिफिकेटं आधीच असतात. पण बिलावरची तारीख मशीनची असते, आतल्या पीसीची नव्हे. गेल्या वर्षी घेतलेल्या कन्सोलमध्ये चार वर्षं जुना बोर्ड असू शकतो.

सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे तासभर मोबाइलचा हॉटस्पॉट देऊन टाकणं. माझं मत स्पष्ट आहे: हा सगळ्यात वाईट पर्याय. सर्टिफिकेट बदलणारं विंडोजचं काम दर बारा तासांनी चालतं आणि मध्ये रिस्टार्ट मागतं, त्यामुळे तासाभरात बहुधा काही होत नाही. अनेक कन्सोलवर कंपनीने विंडोज अपडेट बंदच केलेलं असतं. आणि ते चालू असलं तर सर्टिफिकेट एकटं येत नाही, साचलेली सगळी अपडेट येतात. मग दुसऱ्या दिवशी प्रोब ओळखला नाही तर ओपीडी तुमची खोळंबते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने ब्रिटनच्या सरकारी हॉस्पिटलांना गाठलं, ते नेटवर्कवर उघड्या पडलेल्या, अपडेट नसलेल्या विंडोजमधून.

पेनड्राइव्हचा मार्ग त्यापेक्षा शहाणा, पण हात बसलेल्या माणसाचा. दुसऱ्या स्वच्छ पीसीवर मायक्रोसॉफ्टच्या कॅटलॉगमधून अलीकडचं मासिक अपडेट उतरवायचं, मशीनवर चढवायचं, रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यातल्या) सिक्युअर बूटच्या नोंदीत सर्टिफिकेट बदलण्याचा आदेश द्यायचा, काही वेळा रिस्टार्ट करायचं. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत १८०८ क्रमांक दिसला की काम झालं. १८०१ दिसला तर अजून अडकलंय. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय सुरुवातच करू नका.

रिपोर्टिंगच्या पीसीवर हे जमतं. तो साध्या विंडोज १० वर असेल तर मात्र १४ ऑक्टोबर २०२५ नंतर, वाढीव सेवा घेतल्याशिवाय, त्याला नवी अपडेट नाहीत. कन्सोलवर गोष्ट वेगळी. तिथे बऱ्याचदा 'राइट फिल्टर' लावलेला असतो: डिस्कवर केलेला प्रत्येक बदल रिस्टार्टनंतर पुसला जातो. मशीन रोज कोऱ्या पाटीसारखं उठावं म्हणून ती मुद्दाम केलेली सोय आहे. अपडेट चढवलं, 'यशस्वी' दिसलं, रिस्टार्ट केलं की सगळं गायब. फिल्टर काढायचा पासवर्ड कंपनीकडे, आणि तो फोडायला गेलात तर एएमसीवर (वार्षिक देखभाल करारावर) पाणी.

दुसरा धोका उशिरा कळतो. नवी सर्टिफिकेटं आणि नवा बूट मॅनेजर चढल्यावर कुणी फर्मवेअर 'डिफॉल्ट'वर नेलं, तर मूळ यादीत २०२३ चं सर्टिफिकेट नसल्यामुळे मशीन बूट व्हायलाच नकार देतं. मग विंडोजच्याच फोल्डरमधली सिक्युअर बूट रिकव्हरीची फाइल पेनड्राइव्हवर घालून ते उठवावं लागतं. सुरगाण्याला रात्री अकरा वाजता हे कोण करणार?

म्हणूनच कन्सोलसाठी कंपनीचा इंजिनिअर. तो नुसतं विंडोज नाही, फर्मवेअरही अद्ययावत करू शकतो, म्हणजे डिफॉल्टच्या यादीतही नवं सर्टिफिकेट बसतं. चाचणी त्यांची, जबाबदारीही त्यांची. अडचण वेळेची आणि पैशाची: माणूस मुंबई-पुण्याहून येतो आणि भेट एएमसीत धरायची की नाही यावर घासाघीस होते. 'बदल केला की पुन्हा मंजुरी लागते' हे उत्तर मिळालं तर ते लेखी मागा. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या एफडीएच्या २०१६ च्या मार्गदर्शनानुसार तरी नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्यांना सहसा नव्याने परवानगी लागत नाही.

आहे तसंच सोडणं हाही पर्याय आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. ज्या अॅनालायझरला नेट नाही, यूएसबी बंद आहे आणि वर्ष-दीड वर्षात जो बदलायचाच आहे, त्याच्यावर मी एक रुपया खर्च करणार नाही. उलट ज्या सोनोग्राफी मशीनमधून रोज पेनड्राइव्हवर क्लिप काढून दिल्या जातात, ते कागदावरच ऑफलाइन. त्याला आधी करा. ते विंडोज १० आयओटी एलटीएससी २०२१ या उपकरणांसाठीच्या, लांब मुदतीच्या आवृत्तीवर असेल तर त्याला जानेवारी २०३२ पर्यंत अपडेट आहेत, खर्च वसूल होईल.

सिक्युअर बूटच बंद करून टाकू, असं सुचवणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

कंपनीला मेल करताना मॉडेल, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि अनुक्रमांक लिहा, नवी सर्टिफिकेटं फर्मवेअरमध्ये बसणार की फक्त विंडोजमधून, हे नेमकं विचारा. २०२७ च्या सिंहस्थाची गर्दी सुरू व्हायच्या आत तारीख घ्या. आणि एकाच प्रकारची दोन मशीन असतील, तर दोन्ही एकाच दिवशी उघडू देऊ नका.