"कुत्र्यांनाही घेऊन या" म्हणणारा नागावचा बंगला

घरात कुत्री असली की सुट्टीची जागा शोधणं किती अवघड होतं, ते कुत्री पाळणाऱ्यालाच माहीत. 'पेट्स अलाउड' असं लिहिलेलं असतं, पण फोन केला की "लहान जातीचं आहे ना?" किंवा "रात्री बाहेर बांधावं लागेल" असं ऐकायला मिळतं. आमच्याकडे लॅब्रेडोर ब्रूनो आहे आणि गंगापूर रोडवर सापडलेली गावठी चिकी. चिकी परक्या जागी आमच्याशिवाय अन्नाला तोंड लावत नाही, त्यामुळे त्यांना नाशिकमध्ये ठेवून जायचा प्रश्नच नव्हता. नेमकी हीच अडचण हेरून एका माणसाने आमचे 24,000 रुपये लुबाडले. सध्या असाच सापळा लावून कुत्रेवाल्यांना गाठलं जातंय, म्हणून सविस्तर लिहिते.

सोशल मीडियावर अलिबागजवळच्या नागावच्या एका बंगल्याची जाहिरात दिसली. नारळी-पोफळीची वाडी, छोटा तलाव, मागच्या फाटकातून थेट समुद्र, आणि पायरीवर बसलेला एक गोल्डन रिट्रीव्हर. फोन केला तर समोरचा माणूस अतिशय आपुलकीने बोलला. "ताई, कुत्र्यांची नावं काय? त्यांना भात-चिकन करून ठेवू का?" त्याने रेबीजच्या लसीची नोंद मागितली, आमची आधार कार्डं मागितली. लसीची नोंद मागणारा माणूस कुणालाही जबाबदारच वाटेल. दोन रात्रींचे 18,000 ठरले, त्यातले निम्मे आगाऊ. शिवाय प्रत्येक कुत्र्यामागे 3,000 डिपॉझिट, निघताना परत मिळणार. खातं वेगळ्याच नावाचं होतं, तर म्हणे वहिनींचं आहे. कोकणातल्या एकत्र कुटुंबांत असं असतंही. व्हिडिओ कॉल करा म्हटलं तर "वाडीत रेंज नाही" म्हणाला आणि लगेच एक सुंदर व्हिडिओ पाठवून दिला.

निघालो त्या दिवशी कसारा घाट उतरून, भिवंडी मागे टाकून पनवेलला पोचलो आणि त्याचा फोन आला. चावी घेऊन माणूस पाठवतोय, त्याआधी उरलेले 9,000 टाका. टाकले. पेण, वडखळ, अलिबाग करत नागावला पोचलो तेव्हा तो नंबर बंद होता.

बंगला मात्र खरा होता. तेच फाटक, तीच पायरी. आतून राखणदार आला आणि हताशपणे म्हणाला, "मालक मुंबईला असतात, हा बंगला भाड्याने देतच नाहीत. तुमच्यासारखे आणखी लोक येऊन गेले." ब्रूनो धापा टाकत होता, चिकी सीटखाली दडून बसली होती. मुलगी रडायला लागली. पैशांपेक्षा त्या दोघांच्या तोंडाकडे बघून मला जास्त संताप आला. मुक्या जिवांवरच्या मायेचा कुणी असा बाजार मांडावा?

शेजारच्या वाडीतल्या मावशींनी पडवी उघडून दिली. दिली तीही अटी घालून: "विहिरीला जाळी नाही, मागे सोडू नका. कोंबड्या आहेत, पट्टा काढायचा नाही. समुद्रावरून आलात की नळावर धुवूनच आत." तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ज्याच्या दारात खरोखर कुत्री येतात, त्याला शंभर काळज्या असतात. तो कुंपणाची उंची सांगेल, पुळणीवरच्या भटक्या कुत्र्यांबद्दल बजावेल, कुत्र्याने खारं पाणी प्यायलं की उलट्या-जुलाब होतात हे सांगेल. या भामट्याने एकही अट घातली नव्हती. सगळ्याला "चालेल ताई"! म्हणून फोनवर मुद्दाम विचारा: विहीर झाकलेली आहे का, फाटकाखालून कुत्रं निसटेल का, शेजारी कोण राहतं. उत्तर गोलमोल आलं तर व्यवहार थांबवा.

फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघा. तोच बंगला दुसऱ्या नावाने कुठे दिसतो का ते कळतं. व्हिडिओ कॉलवर त्याला फाटकापासून आतपर्यंत चालत यायला सांगा. आधार द्यावंच लागलं तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारं मास्क्ड आधार द्या. आणि 'डिपॉझिट परत करतोय, क्यूआर स्कॅन करून पिन टाका' असं कुणी म्हटलं तर फोन ठेवून द्या. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागतच नाही, तो द्यायला लागतो.

आम्ही मावशींच्या पडवीतूनच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. इथे वेळ फार मोलाचा असतो, कारण पैसे पुढच्या खात्यात वळवण्याआधी कळलं तर बँकेला ते गोठवता येतात. आमचे शेवटचे 9,000 असे अडकवता आले, पण ते लगेच हाती येत नाहीत. आधीचे 15,000 तोवर खात्यातून निघून गेले होते. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. परस्पर पैसे काढले गेले तर ग्राहकाला जे संरक्षण मिळतं, ते अशा वेळी मिळत नाही, असं आम्हाला सांगितलं. नाशिकला परतल्यावर सायबर पोलिसांकडे सगळे स्क्रीनशॉट, खात्यांचे तपशील आणि व्यवहार क्रमांक दिले.

ती जाहिरात आता नाव बदलून फिरतेय. पायरीवरचा रिट्रीव्हर तोच, पण जागा आपल्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरची सांगतात, म्हणजे आता गिऱ्हाईक नाशिकचंच हवंय. कुणाचे पैसे गेले असतील तर रक्कम छोटी आहे म्हणून गप्प बसू नका, 1930 वर आपली स्वतंत्र तक्रार नोंदवा. एकाच खात्याविरुद्ध अनेक तक्रारी आल्या तर पोलिसांना धागा जुळवता येतो.