पाच हजार दोनशेची सायकल

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ‘आर्मीत आहे, बदली झालीय, सायकल पार्सलने पाठवतो’ म्हणणाऱ्यांना मी फसलो नाही. तसले तीन जण आले होते, एकाने तर कॅन्टीन कार्डाचा फोटोही पाठवला. तिघांनाही ब्लॉक केलं आणि घरी त्याबद्दल मिरवून घेतलं. म्हणूनच पुढचं जास्त झोंबतंय.

ऑफिस सात किलोमीटरवर. पेट्रोल शंभरच्या वर, डॉक्टरांनी साखरेवरून दिलेला दम वेगळाच. नवी गिअरची सायकल घ्यायची तर पंधरा हजार, आणि महिन्याभरात उत्साह संपला तर ती बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या कामाची. म्हणून जुनी बघत होतो. यात हाव कुठे आली? (बायको म्हणते, आली.)

जाहिरात साडेसहा हजारांची होती. प्रत्यक्ष पाहूनच घेणार असं ठणकावल्यावर तो लगेच तयार झाला. चोवीस-पंचवीसचा मुलगा, वाक्यागणिक ‘काका’. सौदा पाच हजार दोनशेला ठरला. पाचशे टोकन आदल्या दिवशी यूपीआयने दिलं, तेव्हा स्क्रीनवर नाव भलत्याचंच आलं. ‘मामांचं खातं आहे, काका.’ बरं. उरलेले चार हजार सातशे रोख. नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा, मामा असो की आजोबा.

एका चांगल्या सोसायटीच्या गेटबाहेर तो सायकल घेऊन उभा होता. आत राहणारा माणूस गिऱ्हाइकाला रस्त्यावर कशाला उभं करेल? वॉचमनने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मुलगा सहा फुटी आणि सीट पार खाली बसवलेली. मागचा गिअर बदलून दाखव म्हटलं तर त्याने डाव्या हाताचा लिव्हर दाबला, म्हणजे पुढचा. स्वतःच्या सायकलचा गिअर माणूस चुकतो का?

आणि खरी वेळ तर त्यानंतर आली. चाक फिरवून बघायला मी सायकल उलटी केली. पेडलच्या दांड्याखाली, जिथे फ्रेम नंबर ठोकलेला असतो, तिथे रुपयाएवढा ताजा काळा रंग होता. बोट लावलं तर चिकट. बोटाला रंग लागला! आणि माझ्या डोक्यात काय आलं, तर ‘विकायच्या आधी टचअप केलंय, पोरगा नीटनेटका आहे.’ ते बोट मी रुमालाला पुसलं आणि त्याच हाताने नोटा मोजल्या. रुमालावरचा डाग अजून गेलेला नाही.

मेकॅनिकने चेन, ब्रेक पॅड आणि सर्व्हिसिंगचे मिळून एक हजार तीनशे चाळीस घेतले. ‘साहेब, नंबर ग्राइंडरने घासलाय,’ हे त्याने पैसे घेतल्यावर सांगितलं. वर चारशे पन्नासचं कुलूप. एकूण सहा हजार नऊशे नव्वद.

अठरा दिवस ऑफिसला गेलो. एकोणिसाव्या दिवशी चहाच्या टपरीवर कॉलेजचा एक मुलगा सायकलकडे टक लावून बघत राहिला. ‘काका, डावी ग्रिप ओढून बघता का?’ ओढली. हँडलच्या नळीतून कागदाची सुरळी निघाली, वर त्याचा फोन नंबर. (हे मात्र तुम्ही आजच करा.) चार माणसं जमली होती. माझ्या वयाच्या माणसाकडे लोक कसे बघत होते ते सांगत नाही.

मी स्वतःहून त्याच्याबरोबर चौकीत गेलो. तिथे पहिला प्रश्न: ‘तुम्ही तक्रारदार की आरोपी?’ बिल नाही, विकणाऱ्याच्या ओळखपत्राचा फोटो नाही. चोरीचा माल घेणं हाही गुन्हा आहे, कलम ३१७, हे मला दोनदा ऐकवलं. अहो, माहीत असून घेतला तर ना! माझी फसवणुकीची तक्रार म्हणाल तर सोसायटी दुसऱ्या हद्दीत. दुसऱ्या हद्दीत गेलो, तर ‘ऑनलाइन पैसे दिलेत ना, सायबरला जा.’ सायबरवाले म्हणाले, रोख आमच्याकडे येत नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तिथे नोंद झाली ती फक्त पाचशेची. हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही, १ जुलै २०२४ पासून तसा कायदाच आहे, हे भाच्याने सांगितलं. तो वकील आहे. मी ते चौकीत बोललो, तर साहेबांनी पंखा एकने वाढवला आणि चहा मागवला. स्वतःसाठी.

त्या पोराचं आणखी वाईट. सायकल चोरीला गेली तेव्हा चोरीची तक्रार घेतलीच नव्हती, ‘गहाळ’ असा दाखला हातात दिला होता. सायकल आयती चालत आल्यावर मात्र गुन्हा दाखल झाला, पंचनामा झाला आणि सायकल मुद्देमाल म्हणून जप्त. आता त्याच्याच सायकलचा ताबा मिळवायला त्याने कोर्टातून सुपूर्दनामा आणायचा. सध्या ती चौकीमागे उन्हात उभी आहे.

विकणाऱ्याचा नंबर बंद. मामांचा शोध चालू आहे म्हणतात. बिल नसेल तर निदान साध्या कागदावर नाव, सही आणि आधारचा फोटो घ्या. नाही म्हणाला तर मागे फिरा.

सायकलला माझं चारशे पन्नासचं कुलूप अजून तसंच आहे, किल्ली माझ्या जुडग्यात. तेवढं तरी काढून नेऊ का, विचारलं. हवालदार म्हणाले, अर्ज द्या.