जंगल मोजायला काय घ्यावं: ड्रोनचे फोटो, लायडर की टेप?

जंगलातल्या झाडांची उंची-जाडी मोजायला ड्रोनने फोटो काढावेत, लायडर (वरून लेझर सोडून तो परत यायच्या वेळेवरून अंतर मोजणारं यंत्र) सर्व्हे करून घ्यावा की टेप घेऊन माणसंच आत पाठवावीत असा प्रश्न पडला असेल तर आधी एवढंच बघा, तुमच्या जंगलात वरून जमीन दिसते का. माझ्या मते अर्धा निर्णय तिथेच होतो.

झाडाची उंची म्हणजे शेंड्याची पातळी वजा बुंध्यापाशी जमिनीची पातळी. फोटोंच्या पद्धतीत एकच शेंडा वेगवेगळ्या जागेवरून टिपलेल्या फोटोंत किती सरकलेला दिसतो त्यावरून सॉफ्टवेअर पातळी काढतं. पूर्वी स्टिरिओस्कोपखाली (दोन फोटो एकत्र बघून उंच-सखल दाखवणारं भिंगाचं उपकरण) दोन फोटो ठेवून माणूस हेच करायचा आणि ६० टक्के ओव्हरलॅप, म्हणजे लागोपाठच्या दोन फोटोंत येणारा सारखाच भाग, पुरायचा, आता ड्रोनने जंगलावर ८० टक्क्यांच्या आसपास ठेवतात, कारण वाऱ्याने पानं हलली की दोन फोटोंतला तोच ठिपका कॉम्प्युटरला जुळवता येत नाही. शेंडा मिळतो हो, पण दाट झाडीत जमीन दिसतच नाही, मग सॉफ्टवेअर आजूबाजूच्या मोकळ्या जागा धरून मधली जमीन अंदाजाने जोडतं. समजा २५ मीटरचं झाड ८ मीटर खोल घळीत उभं आहे आणि घळ फोटोत आलेलीच नाही, तर ते झाड १७ मीटरचं निघतं! कॅमेरा कितीही भारी घ्या, ही चूक जात नाही. लायडरचे लेझर पल्स मात्र पानांच्या फटींतून खाली उतरतात, सगळे नाही, पण थोडे जमिनीला लागून परत आले तरी काम होतं.

मग सरळ लायडरच? तसंही नाही. जमीन सहसा दरवर्षी बदलत नाही, त्यामुळे लायडरने ती एकदा नीट मोजून घ्या आणि पुढे दर काही वर्षांनी नुसते फोटो काढून त्यावर बसवा, मला हाच मार्ग सगळ्यात पटतो. विरळ लागवड असेल किंवा पानगळीनंतर जमीन उघडी पडत असेल तर फोटोंवरच भागतं. शिवाय वाळलेलं, रोग पडलेलं झाड रंगावरून ओळखायचं तर फोटोच लागतात.

आणि टेप सुटत नाही, प्लीज सोडू नका. खोड वरून दिसत नाही, त्याची जाडी उंची आणि माथ्याच्या पसाऱ्यावरून अंदाजाने काढतात, आणि तो अंदाज बसवायला जमिनीवरचे प्लॉट, म्हणजे जिथलं प्रत्येक झाड हाताने मोजतात असे नमुन्याचे छोटे तुकडे, लागतातच. मी एकदा ११.२८ मीटर त्रिज्येच्या, म्हणजे ४०० चौरस मीटरच्या प्लॉटमध्ये छातीच्या उंचीवर घेर मोजत होतो, तर फोटोत जिथे एकच मोठा माथा होता त्याच्याखाली सात झाडं उभी होती, मनगटाएवढी, पण जिवंत. वरून त्यांचा पत्ताच नव्हता.

प्लॉटचा मध्य मात्र चांगल्या जीपीएसने, तिथे वेळ देऊन घ्या. साधा जीपीएस दाट झाडीखाली काही मीटर इकडेतिकडे जातो आणि मग तुमचे घेर शेजारच्याच झाडांच्या उंचीला जोडले जातात.