बेटाडीनचा रंग उडवून दाखवणाऱ्याला पैसे देऊ नका

शेवग्याच्या पाल्यातून ‘अँटिऑक्सिडंट अर्क’ काढायचं यंत्र विकणारा एकजण निपाणी-चिकोडी भागात फिरून गेलाय. आता तो तुळशीचं नाव सांगत खानापूरकडे वळलाय, असं कानावर आलं म्हणून लिहितेय. आमच्या बचत गटाने यंत्र घेतलं. निघेल तेवढा अर्क तोच विकत घेणार, असा करार होता. पैसे पोचल्यावर काही दिवसांत फोन बंद.

सगळा खेळ प्रात्यक्षिकाचा. देवळाच्या मंडपात ग्लासभर पाण्यात त्याने बेटाडीनचे थेंब टाकले, पाणी तांबूस झालं. मग पिशवीतल्या बाटलीतला अर्क सोडला आणि पाणी एकदम नितळ! “बघा मावशी, अंगातलं विष असंच धुऊन निघतं.” बायकांनी टाळ्या वाजवल्या. बेटाडीनमधल्या आयोडीनचा तो रंग क जीवनसत्त्वाच्या साध्या गोळीनेही जातो, घरी करून बघा. आमच्या यंत्रातून निघालेल्या पाण्याने मात्र तो ढिम्म हलला नाही.

हलणार कसा? ते यंत्र म्हणजे गवती चहाचं तेल काढायची भट्टी. वाफेबरोबर सुगंधी तेल वर येतं. शेवग्याच्या पाल्यातली क्वेर्सेटिन, क्लोरोजेनिक आम्ल ही अँटिऑक्सिडंट द्रव्यं खालच्या काढ्यातच राहतात. आणि नेमका तो काढा हा बाबा उकिरड्यावर ओतायला सांगायचा! हे घटक काढायचे तर सावलीत वाळवलेला पाला बहुधा पाणी मिसळलेल्या इथेनॉलमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्ये, भिजवतात, गाळतात, मग इथेनॉल उडवतात. त्याला अबकारी खात्याचा परवाना लागतो. परवान्याचा शब्द त्याच्या तोंडून कधी निघाला नाही. लॅबचा रिपोर्ट त्याने मोठ्या रुबाबात दाखवला होता. नंतर नीट वाचला तर नमुन्याच्या रकान्यात ‘ग्रीन टी’.

पैसे घेतले कागलच्या लॉजवर, म्हणजे महाराष्ट्रात. यंत्र उतरलं कर्नाटकात. ठाण्यात पहिलं उत्तर काय मिळालं असेल? ‘हद्द आमची नाही.’ सीमाभागातल्या माणसाला हे काही नवीन नाही. पण तेवढ्यावर परत फिरू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद, गुन्हा कुठेही घडलेला असो, घ्यावीच लागते. ‘झिरो एफआयआर’ म्हणा, लगेच कळतं. पैसे फोनवरून गेले असतील तर सगळ्यात आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा.

आमची फिर्याद नोंदली गेली. यंत्र पंचनाम्यात आहे, म्हणून अजून भंगारात घातलेलं नाही.