मुलांनी वस्तू विकायच्या की पालकांनी थेट वर्गणी द्यायची?

शाळेला पैसे लागतात, हे मान्य. छप्पर गळतं, संगणक बंद पडतात. प्रश्न आहे तो पैसे उभे कसे करायचे याचा.

एक वाट म्हणजे मुलांच्या हातात अगरबत्तीचे पुडे किंवा सोडतीची कुपनं देऊन त्यांना दारोदार पाठवायचं. कोकणातल्या वाडीत हे फार जड जातं. घरं लांब लांब, निम्म्यांना कुलूप, माणसं मुंबईला. शेवटी पुडे आई, काकी आणि शेजारच्या आजीच्याच गळ्यात पडतात. शंभराचा पुडा साठला पडला असेल, तर शाळेला मिळतात चाळीस. त्यात शाळा जूनमध्ये सुरू होते आणि यांत्रिकी मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. त्या दिवसांत खलाशाच्या पोराने कुणाला काय विकायचं? आणि वर्गात ‘कोणी किती विकले’ याची यादी वाचतात, ते मला अजिबात सहन होत नाही.

दुसरी वाट थेट वर्गणीची. दिलेला रुपया पूर्ण शाळेत जातो, पावती मिळते. धोका सक्तीचा आहे; म्हणून रक्कम ऐच्छिक हवी आणि नावं जाहीर नकोत. ज्याला पैसे जमत नाहीत त्याने कौलं चढवायला यावं. गणपतीत चाकरमानी गावात असतात, तेव्हा मोठ्यांनीच त्यांच्याकडे शब्द टाकावा.

माझं मत दुसऱ्या वाटेला. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालकच असतात. हा विषय पुढच्या बैठकीत मांडा.