विंडोज सुरू होत नसेल तर रिस्टोअर, रिसेट की नव्याने स्थापना?

लॅपटॉपचा दिवा लागतो, कंपनीचे बोधचिन्ह दिसते, ठिपके गोल फिरतात आणि पुन्हा पुन्हा निळा दुरुस्तीचा पडदाच समोर येतो, अशा अवस्थेतील विंडोज १० किंवा ११ च्या लॅपटॉपसाठी ही तुलना आहे. बोधचिन्हही उमटत नसेल, तर दोष बहुधा चार्जर, रॅम, स्क्रीन किंवा मदरबोर्डचा असतो आणि विंडोज पुन्हा टाकून तो जाणार नाही.

पर्याय निवडण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर हवे: या लॅपटॉपमधील फोटो, हिशेब व कागदपत्रांची प्रत दुसरीकडे कुठे आहे का? नसेल, तर पुढचा कोणताही पर्याय वापरण्यापूर्वी ही माहिती बाहेर काढावी. दुरुस्तीच्या पडद्यावर ‘ट्रबलशूट’मधून ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून नोटपॅड असे इंग्रजीत टाइप केले की नोटपॅड उघडते. त्याच्या ‘फाइल’ मेनूतील ‘ओपन’ खिडकीत ‘ऑल फाइल्स’ निवडल्यास सगळे फोल्डर दिसतात आणि उजव्या क्लिकने ते पेनड्राइव्हवर कॉपी करता येतात. येथे ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात, म्हणून सी ड्राइव्ह रिकामा दिसला तरी घाबरून न जाता पुढची अक्षरे पाहावीत. डिस्क बिटलॉकरने (विंडोजमधील माहिती कुलूपबंद करण्याच्या सोयीने) कुलूपबंद असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुतेकदा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते आणि मोबाइलवरून तेथे लॉगिन करून मिळते. ही की नसेल तर दुकानदारही ती माहिती वाचू शकत नाही.

‘डी ड्राइव्हवर सगळे सुरक्षित आहे’ हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. बहुतांश लॅपटॉपमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात, त्यामुळे डिस्क गेली की दोन्ही जातात.

सर्वांत सौम्य उपाय म्हणजे स्टार्टअप रिपेअर, नुकतेच आलेले अपडेट काढणे आणि सिस्टम रिस्टोअर. स्टार्टअप रिपेअर सुरुवातीच्या फायली दुरुस्त करते. जमले नाही तर तसे सांगते आणि त्यात फारसा वेळ जात नाही. बिघाड अपडेटनंतर लगेच सुरू झाला असेल, तर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ हाच पहिला पर्याय असावा. सिस्टम रिस्टोअर विंडोजला आधी जतन झालेल्या एखाद्या तारखेच्या अवस्थेत नेते; ते वैयक्तिक फायलींना हात लावत नाही, फक्त त्या तारखेनंतरचे प्रोग्राम आणि ड्रायव्हर (यंत्राचे सुटे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम) काढते. मात्र अनेक लॅपटॉपमध्ये ही सोय बंदच असते आणि मागे जाण्यासाठी एकही बिंदू सापडत नाही. तरीही हे टप्पे वगळू नयेत. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले होते, तेव्हा सेफ मोडमध्ये (फक्त गरजेपुरत्या फायलींवर विंडोज सुरू करून) जाऊन एक सदोष फाइल काढणे हा त्यावरचा उपाय होता. दुकानात ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असे पहिल्याच मिनिटाला सांगितले गेले, तर आधी हे सौम्य उपाय झाले आहेत का, हे ग्राहकाने आवर्जून विचारावे.

खरी निवड त्यानंतरची आहे. ‘रिसेट धिस पीसी’मध्ये, म्हणजे लॅपटॉपमधूनच विंडोज पुन्हा टाकताना, ‘कीप माय फाइल्स’ निवडले तर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स यांसारख्या फोल्डरांतील फायली राहतात, पण बाहेरून टाकलेले सर्व प्रोग्राम जातात. जे जुने हिशेबाचे किंवा मराठी अक्षरजुळणीचे प्रोग्राम आपली माहिती स्वतःच्याच फोल्डरात ठेवतात, त्यांच्याबाबत फायली टिकतील असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. ‘लोकल रीइन्स्टॉल’ डिस्कवरच्याच फायली वापरते, त्यामुळे त्या खराब असतील तर रिसेट अर्धवट थांबू शकते; ‘क्लाउड डाउनलोड’ सुमारे ४ जीबी उतरवते, पण ताज्या फायली आणते. इंटरनेट चांगले असेल तर मी क्लाउडच निवडेन.

पेनड्राइव्हवरून नव्याने स्थापना हा अधिक स्वच्छ, पण अधिक जबाबदारीचा मार्ग आहे. त्यासाठी दुसरा संगणक आणि किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो. मूळ विंडोज अधिकृत आणि सक्रिय असेल तर त्याचा परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, त्यामुळे तीच आवृत्ती पुन्हा विकत घ्यावी लागत नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या काही लॅपटॉपमध्ये मात्र स्थापनेच्या वेळी डिस्कच दिसत नाही. ती बिघडलेली असेलच असे नाही. उत्पादकाच्या संकेतस्थळावरून स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन तेथेच ‘लोड ड्रायव्हर’ करावा लागतो. सगळे विभाग पुसताना डी ड्राइव्ह आणि उत्पादकाचा रिकव्हरी विभागही जातो, याचे भान ठेवावे. विंडोजच्या फायली खराब आहेत पण डिस्क निरोगी आहे, अशा घरगुती वापरकर्त्याने आधी रिसेट करावे. रिसेट अडले किंवा व्हायरसचा संशय असेल तरच नव्याने स्थापना करावी.

डिस्कच मरणपंथाला लागली असेल तर हे दोन्ही मार्ग चुकीचे ठरतात. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येणे, बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) डिस्क कधी दिसणे व कधी न दिसणे, साधी कॉपीही वारंवार अडकणे, ही त्याची लक्षणे. अशा डिस्कवर पूर्ण तपासणीची आज्ञा चालवल्यास तिच्यावर आणखी ताण येतो. लॅपटॉप बंद करून माहिती परत मिळवणाऱ्या तज्ज्ञाकडे न्यावा आणि विंडोज नव्या एसएसडीवरच टाकावे.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे त्या आवृत्तीवरील लॅपटॉपमध्ये टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि विंडोज ११ साठी मान्यताप्राप्त प्रोसेसर असेल, तर रिसेटमध्ये वेळ न घालवता थेट विंडोज ११ ची नव्याने स्थापना करणे अधिक योग्य ठरते.